46 सेंटिमीटरचं इंजिन, 36 सेंटिमीटरचं वळण: मेर्कलिनचा बिग बॉय आठ महिने चालवून

भाच्यानं खोकं दिवाणावर ठेवलं, फोम बाजूला केला, आणि हिनं पहिला प्रश्न विचारला, "अहो, हे वळणार कसं?"

खोक्यात होतं मेर्कलिन या जर्मन कंपनीचं, बिग बॉय या अमेरिकी वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल. नंतर घरी आलेल्या प्रत्येकानं हेच विचारलं, म्हणून हा परीक्षणाचा लेख त्याच प्रश्नाभोवती लिहितोय. रंग, आवाज, बारकावे याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडच्या घरात, 10 बाय 11 च्या खोलीत, एका प्लायवर एवढं इंजिन चालवायचं असेल तर नेमकं काय होतं, हे मला विकत घेण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

आधी खऱ्या बिग बॉयची ओळख. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी आल्को कंपनीनं 1941 ते 1944 या काळात अशी 25 इंजिनं बांधली. चाकांची रचना 4-8-8-4. म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मग आठ मोठ्या चाकांचा एक गट, मग आठचा दुसरा, आणि मागे पुन्हा चार. टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, धरून खरं इंजिन 40 मीटरच्या वर लांब. त्यातलं 4014 क्रमांकाचं 2019 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलं, तेव्हापासून माझा त्यावर जीव जडला होता. एचओ मापात, म्हणजे 1:87 ला, त्याची लांबी 46 सेंटिमीटरच्या वर भरते. आणि मेर्कलिन सांगते की हे इंजिन 360 मि.मी. त्रिज्येच्या वळणावर चालेल. इंजिन वळणाच्या त्रिज्येपेक्षा लांब! भोसरीत 34 वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला असं वाक्य वाचून झोप लागत नाही. निवृत्तीच्या पैशातून, एका नव्या स्कूटरच्या किमतीत, मी ते मागवलं. भाचा स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. कंपनीचं गाव ग्योपिंगेन तिथून जवळच, त्यामुळे दिवाळीला येताना त्यानं ते हातातल्या सामानातून, मांडीवर घेऊनच आणलं म्हणा ना.

माझी जागा सांगतो. 8 बाय 4 चा एक 12 मि.मी. प्लाय, खाली सागाच्या पट्ट्यांची चौकट, आणि हे सगळं दिवाणाच्या वर भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेलं. दिवसा उभं, संध्याकाळी आडवं. त्यावर मेर्कलिनचेच सी-ट्रॅक. या रुळांना खाली प्लास्टिकची खडीची पट्टी जोडूनच येते, 40 मि.मी. रुंद. वळणांच्या ठरलेल्या त्रिज्या आहेत: आर-1 म्हणजे 360 मि.मी., आर-2 437.5, आर-3 515, आर-4 579.3, आर-5 643.6. माझ्याकडे आतलं वर्तुळ आर-1 चं आणि बाहेरचं आर-2 चं होतं. पुण्यातल्या घरांत बहुतेकांचं असंच असतं, कारण सुरुवातीच्या संचात तेच रूळ येतात.

आता हिच्या प्रश्नाचं उत्तर. वळणावर अडतं ते इंजिनाची लांबी नव्हे. अडतो तो ताठ, न वाकणारा चाकगट.

कागदावर एक वर्तुळ काढा आणि त्यात सरळ पट्टी टेकवा. पट्टीची दोन टोकं रेषेवर, मधला भाग रेषेपासून सुटलेला. तो सुटलेला भाग किती, याचं गणित सोपं आहे: पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. बिग बॉयच्या आठ चाकांच्या एका गटात पहिल्या आसापासून शेवटच्या आसापर्यंत 18 फूट 3 इंच अंतर आहे, एचओ मापात 64 मि.मी. आर-1 वर मधल्या चाकांना सुमारे 1.4 मि.मी. बाजूला सरकावं लागतं. आर-2 वर 1.2 च्या आत. आता जर्मनीचं 50 क्रमांकाच्या वर्गाचं मालगाडीचं इंजिन घ्या. दिसायला बिग बॉयच्या निम्म्याच्या आसपास, पण दहा मोठी चाकं एकाच चौकटीत, 6.6 मीटरमध्ये. मापात 76 मि.मी. त्याच आर-1 वर मधल्या आसाला 2 मि.मी. हवेत. म्हणजे वळणाच्या दृष्टीनं 'छोटं' इंजिनच जास्त अवघड!

तो दीड-दोन मि.मी. द्यायचा कसा, यावर प्रत्येक कंपनीचा आपापला तोडगा असतो. कुणी मधल्या चाकांची आतली कड, म्हणजे फ्लँज, काढूनच टाकतं. कुणी आसाला आडवी ढिलाई ठेवतं. कुणी चौकट मधूनच जोडते आणि वाकू देते. एका नावाजलेल्या कंपनीचं दहा चाकी इंजिन मी पूर्वी घेतलं होतं. खोक्यावर 18 इंच त्रिज्या लिहिलेली, आणि 18 इंचांवर ते चालायचंही. पण दर फेरीला मधलं फ्लँज नसलेलं चाक रुळावरून थोडं बाहेर उतरून पुन्हा चढायचं, आणि तो टक-टक आवाज मला ऐकवायचा नाही. टूलरूमची सवय, दुसरं काय. ते इंजिन आता काचेच्या कपाटात आहे.

खऱ्या बिग बॉयमध्ये पुढचा चाकगट बॉयलरखाली फिरतो आणि मागचा बॉयलरला पक्का असतो. मेर्कलिननं मॉडेलमध्ये दोन्ही गट फिरते ठेवले आहेत. हा बदल खऱ्या इंजिनाशी प्रामाणिक नाही, असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. खरं इंजिन 288 फूट त्रिज्येपर्यंतच्या वळणासाठी रचलेलं होतं. ते मापात आणलं तर सुमारे एक मीटर. आपण त्याला त्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडीच जास्त जागा देतोय. मागचा गट पक्का ठेवला असता, तर हे इंजिन माझ्या खोलीत कधीच चाललं नसतं.

इथे मला नेरळ आठवतं. 1973 साली, मी दहा वर्षांचा असताना, वडील मला माथेरानच्या गाडीला घेऊन गेले होते. तेव्हा वाफेची इंजिनं होती, ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीनं बांधलेली. वडील रेल्वेत नव्हते, पण त्यांनी एका फिटरला विचारून मला खाली वाकायला लावलं आणि दाखवलं की चाकं वळणावर वाकडी होतात. मोठेपणी कळलं की त्याला क्लीन-लिंडनर आस म्हणतात: चाकं एका पोकळ नळीवर बसवलेली, नळीच्या आत खरा आस, आणि दोन्हींचा सांधा फक्त मधोमध. आतला आस सरळच फिरतो, पण बाहेरची नळी चाकांसकट तिरकी होऊ शकते, थोडी सरकूही शकते. दोन फुटी रूळ, वीसास एक चढ आणि डोंगराला बिलगलेली वळणं, म्हणून हा खटाटोप. मोठी वाफेची इंजिनं वळवणं हा खेळण्यातला प्रश्न नाही. खऱ्या रेल्वेवाल्यांनी त्यावर आयुष्यं घालवली आहेत.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या गॅरट इंजिनांचंही तसंच. त्यांच्यातल्या एन वर्गाची रचना 4-8-0+0-8-4, आणि त्यातलं 815 क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. गॅरटमध्ये बॉयलर दोन चाकगटांच्या मध्ये टांगलेला असतो, त्यामुळे वळणावर तो आतल्या बाजूला झुकतो. बिग बॉयचा बॉयलर चाकगटांच्या वर बसतो आणि पुढे खूप निघालेला असतो, त्यामुळे त्याचं तोंड बाहेर जातं. हा फरक घरच्या प्लायवर फार महाग पडतो. तो आता सांगतो.

पहिल्या संध्याकाळी मी इंजिन आर-1 वर ठेवलं. चाललं. न अडखळता, अगदी हळू गतीलाही. आम्ही दोघं आणि भाचा बघतच राहिलो. दोन्ही चाकगट रुळाप्रमाणे फिरतात, आणि बॉयलर मात्र ताठ सरळ राहतो. त्यामुळे बॉयलरचं तोंड वळणाबाहेर निघतं आणि मधला भाग आत येतो. ही म्हणाली, "ताटात शेवग्याची शेंग ठेवल्यासारखं दिसतंय." याहून नेमकं वर्णन मला आजवर सुचलेलं नाही.

मग मी एक पांढरा पुठ्ठा रुळाखाली सरकवला, इंजिनाच्या तोंडाच्या बाहेरच्या कडेला पेन्सिल चिकटवली आणि एक फेरी मारली. आर-1 वर पेन्सिलीची रेघ रुळाच्या मध्यापासून साडेतीन-चार सेंटिमीटरवर आली. खडीची पट्टी मध्यापासून 2 सेंटिमीटरलाच संपते, म्हणजे तोंड पट्टीच्याही बाहेर जवळजवळ तेवढंच. त्या रेघेत माझे तीन सिग्नल, एक दिव्याचा खांब आणि पीओपीचं बोगद्याचं तोंड येत होतं. कंपनी स्वतःच सांगते की सिग्नल, विजेचे खांब, पुलाचे कठडे आणि बोगद्याची तोंडं यांपाशी जागा सोडा. मी ते वाचलं होतं. तरी बोगद्याची उजवी कड गेलीच, कारण मी खांबांची काळजी घेतली आणि बोगदा आर-1 च्या वळणात शिरतो हे विसरलो. इंजिनाला ओरखडा नाही, हे नशीब.

बोगद्याबद्दल एक गोष्ट ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी: वळणावरच्या बोगद्याच्या तोंडात रूळ मधोमध ठेवू नका. बाहेरच्या बाजूला इंजिनाचं तोंड जातं, आतल्या बाजूला लांब डब्यांचं पोट येतं, आणि बाहेरची गरज नेहमी जास्त असते. तोंड बाहेरच्या बाजूला सरकवा. मी आता आर-3 वर बाहेर 40 आणि आत 32 मि.मी. ठेवले आहेत. त्यात बिग बॉय आणि लांब प्रवासी डबे दोन्ही सुटतात.

आर-1 वर इंजिन चालतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण मी ते तिथे चालवत नाही. एक तर शेवग्याची शेंग डोळ्यांना खुपते. दुसरं कारण मागच्या डब्यांचं. वळण जितकं तंग तितकी गाडी आतल्या बाजूला ओढली जाते. पुढे दमदार इंजिन, मागे वजनदार शेवटचे डबे, आणि मध्ये एखादा हलका रिकामा डबा असेल तर तो धनुष्याच्या दोरीसारखा आत ओढला जाऊन उलटतो. माझ्या चौदा डब्यांच्या गाडीत सहावा डबा दर दोन-तीन फेऱ्यांनी पडायचा. दोष इंजिनाचा मुळीच नव्हता. अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेचा एक जुना नियम आहे: एचओ डब्याचं वजन 1 औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा म्हणजे 4 औंस, सुमारे 113 ग्रॅम. मी घरातल्या सोन्याच्या काट्यावर सगळे डबे तोलले. सहावा 70 ग्रॅमचा निघाला. मालाच्या जागी आतून लोखंडी वॉशर चिकटवून सगळे डबे नियमात आणले, तेव्हापासून आर-2 वर एकही पडलेला नाही. आर-1 वर मात्र दहा डब्यांच्या पुढे मी जात नाही.

आर-2 वर चित्र बरंच सुधारतं. पुण्यातल्या ज्याच्याकडे आर-2 ची जागा आहे त्यानं हे इंजिन घ्यायला हरकत नाही. एकच गोष्ट बघा: सी-ट्रॅकमध्ये आर-1 आणि आर-2 मधलं अंतर 77.5 मि.मी. असतं. आतल्या रुळावर बिग बॉय आणि बाहेरच्यावर लांब डब्यांची गाडी एकाच वेळी वळणात आली की दोघांमध्ये बोटभरही जागा राहत नाही. मी तिथे खास थांबवून बघितलं, स्पर्श होत नाही. पण जुने हातानं टाकलेले रूळ असतील आणि अंतर एक सेंटिमीटरनं कमी असेल तर दोन्ही गाड्या एकत्र सोडू नका.

सांध्यांबद्दल, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या फाट्यांबद्दल, थोडक्यात. नेहमीचे सी-ट्रॅकचे सांधे आर-2 च्याच त्रिज्येचे आहेत, आणि दोन सांधे पाठोपाठ लावून बाजूच्या रुळावर गेलं की इंग्रजी एस होतो. बिग बॉय त्यातून सरळ आणि उलटा दोन्हीकडून नीट जातो. टेंडरची मला जास्त काळजी होती. खऱ्या टेंडरला पुढे एक छोटी बोगी आणि मागे पाच आस एकाच ताठ चौकटीत असतात, तिथेच गडबड होणार असं वाटलं. नाही झाली. एस मधून मागे ढकलताना डबे अडले, तेही दोनदाच. दोन सांध्यांच्या मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा टाकल्यावर तेही बंद झालं. जागा असेल तर हा तुकडा टाकाच.

मग एका रविवारी आर-1 चं वर्तुळ काढून टाकलं आणि आर-3 आणलं. आता आर-2 आत, आर-3 बाहेर. इथे प्लायचं गणित कामाला येतं. 8 बाय 4 म्हणजे रुंदी 122 सेंटिमीटर. आर-3 चं वर्तुळ खडीच्या पट्टीसकट 107 सेंटिमीटर होतं, इंजिनाचं तोंड बाहेर निघूनही कडेला बोटं ठेवायला जागा राहते. आर-4 चं वर्तुळ पट्टीसकट 120 होतं. रूळ मावतो, पण इंजिनाचं तोंड प्लायच्या कडेवर येतं. रूळ सुटला तर इंजिन थेट फरशीवर. म्हणून एका प्लायवर आर-3 हीच शेवटची मजल, हे सुताराला सांगण्याआधी ठरवून घ्या. बाहेरून सहा मि.मी. ॲक्रिलिकची, चार बोटं उंच पट्टी लावायला विसरू नका. माझी लावलेली आहे, आणि नातवंडं येतात तेव्हा तिचं महत्त्व कळतं.

आर-3 वर बिग बॉय बघणं हा वेगळाच आनंद आहे. तोंड बाहेर जातं, पण आता ते जड जनावरानं मान वळवावी तसं दिसतं. डोळा रुळाच्या पातळीवर आणून, वळणाच्या आतल्या बाजूनं बघा. तिथून बॉयलरचं बाहेर जाणं दिसतच नाही, फक्त त्या बाजूची आठ मोठी चाकं आणि त्यांचे दांडे एकापाठोपाठ फिरताना दिसतात.  मी रोज संध्याकाळी दिवाणावर आडवा होऊन वीस मिनिटं तेच बघतो.

पावसाळ्याचा अनुभवही लिहायला हवा. जुलैमध्ये प्लाय किंचित फुगला आणि आर-3 च्या एका जोडावर पट्टी एक बाजूनं उचलली गेली. पोस्टकार्डाच्या जाडीएवढीच, पण पुढची चार छोटी चाकं नेमकी तिथे उतरायला लागली. मोठी चाकं जड, त्यांना फरक पडत नाही. छोट्या चाकांवर वजन कमी असतं, आणि वळणात ती सगळ्यांत आधी शिरतात. पाणसळ ठेवली, जोड शोधला, खालून पॅकिंगची पट्टी घातली, संपलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी सगळ्या जोडांवरून नख फिरवतो. नखाला लागलं तर चाकाला लागणार. तंग वळणावर मोठं इंजिन चालवायचं असेल तर रुळाच्या जोडांना इंजिनाइतकाच वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर एवढे पैसे घालू नका.

मेर्कलिनचं तीन रुळांचं तंत्र मला वळणावर फायद्याचं वाटलं. वीज दोन रुळांच्या मधोमध असलेल्या धातूच्या ठिपक्यांतून येते, आणि दोन्ही बाजूचे रूळ एकाच टोकाला जोडलेले. त्यामुळे गाडी उलटी फिरवणारा फास टाकला तरी शॉर्ट होत नाही. चाकांची फ्लँजही खोल आहे. नाजूक फ्लँजची देखणी चाकं आवडणाऱ्यांना ती जाड वाटेल, पण 515 मि.मी.वर 46 सेंटिमीटरचं इंजिन धरून ठेवायला मला ती हवीच आहे. ज्यांच्याकडे आधीपासून दोन रुळांची पद्धत आहे, त्यांच्यासाठी मेर्कलिनचाच भाग असलेल्या ट्रिक्सनं हेच इंजिन काढलेलं आहे.

कर्वे रस्त्याजवळच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात मी पहिल्यांदा एचओ गाडी पळताना बघितली होती. तिथून बाहेर पडताना ठरवलं होतं की घरी कितीही छोटी जागा असली तरी एक मोठं वाफेचं इंजिन चालवायचं. ते आज चालतंय. भाचा पुढच्या दिवाळीला आर-5 चे बारा तुकडे आणतो म्हणालाय. "मामा, दुसरा प्लाय तेवढा तयार ठेवा," असं काल फोनवर सांगितलं त्यानं. दिवाणाच्या शेजारचं कपाट सरकवलं तर 153 सेंटिमीटर रुंदी मिळते, आणि आर-5 ला, तोंडाची जागा धरून, सुमारे 137 लागतात. ही कपाट सरकवायला तयार झाली आहे. शनिवारी सुतार माप घ्यायला येतोय.